बिअरचे ‘विरजण’ शुद्ध करणारा रंगारी

घरच्या घरी बिअर बनवण्याचा छंद युरोप-अमेरिकेत अनेकांना असतो. या छंदात पहिल्यांदाच उतरलेल्या माणसाची खरी परीक्षा बाटल्या भरताना होते. मोड आणून वाळवलेल्या सातूचा गोड काढा हॉप्सच्या फुलांबरोबर उकळायचा, निववायचा आणि त्यात यीस्ट घालायचे, इथपर्यंत फारसे अवघड नसते. आठ-पंधरा दिवसांत यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. वायू उडून जातो आणि पिंपात उरते ती सपक, बिनफेसाची बिअर. मग लिटरमागे पाच-सहा ग्रॅम साखर घालून ती बाटल्यांत भरायची आणि झाकणे घट्ट बसवायची. बिअरमध्ये तरंगत राहिलेले थोडेसे यीस्ट ही साखर खाते. आता वायूला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो बिअरमध्येच विरघळतो. दोनेक आठवड्यांनी झाकण उघडले की फेस येतो.

फेस येतो, पण यीस्ट चांगले असेल तरच. त्यात भलतीच जात मिसळली असेल तर बिअर गढूळ होते, कडवट लागते, उग्र वास मारते. काही रानटी यीस्ट तर नेहमीच्या यीस्टला न पचणाऱ्या शर्कराही खातात. त्यामुळे बाटलीतला दाब वाढतच जातो आणि एखाद्या रात्री बाटली फुटते. बिअर बिघडवणारा चोर कधी कधी बाहेरचा जिवाणू नसून यीस्टच्याच गोतावळ्यातला असतो, हे ज्याने सिद्ध केले त्या माणसाचे नाव एमिल क्रिस्टियन हॅन्सन. (मद्य हे कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे, हे आरोग्याच्या सदरात सांगायलाच हवे. आपल्याला रस आहे तो यीस्टमध्ये.)

हॅन्सन यांचा जन्म ८ मे १८४२ रोजी डेन्मार्कच्या पश्चिमेकडील रीबे या जुन्या गावात झाला. घरची गरिबी होती. वडील घरे रंगवण्याचे काम करत. मुलगाही तेच शिकला आणि हातात ब्रश घेऊन फिरला. चित्रकार व्हायचे स्वप्न पुरे झाले नाही. पुढे एका जहागिरीत खासगी शिक्षकाची नोकरी मिळाली. त्या परिसरातल्या एका वनस्पतिप्रेमी शाळामास्तरांमुळे रानावनात भटकून झाडे-बुरशा गोळा करायचा नाद लागला. विद्यापीठाच्या प्रवेशाची परीक्षा ते तिशीच्या उंबरठ्यावर असताना उत्तीर्ण झाले. शिक्षणाचा खर्च त्यांनी लेखणीवर भागवला, कथा-कादंबऱ्या लिहिल्या. डार्विनच्या ‘बीगल’ जहाजावरील प्रवासवर्णनाचा डॅनिश अनुवादही त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर केला. तो १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी कोपनहेगन विद्यापीठाने त्यांना सुवर्णपदक दिले. निबंधाचा विषय होता शेणावर उगवणाऱ्या बुरशा. आपल्याकडे असा विषय कुणी निवडला तर घरचे लोक काय म्हणतील, याची कल्पना करून पाहावी.

या माणसाला हेरले ते बिअरच्या कारखानदारीने. कोपनहेगनजवळ जे. सी. जेकबसन यांनी १८४७ मध्ये कार्ल्सबर्ग ही ब्रुअरी सुरू केली होती. म्युनिकहून आणलेले यीस्ट त्यांनी प्रवासात टोपीच्या डब्यात ठेवले आणि घोडागाडी थांबेल तिथे त्यावर गार पाणी ओतत ते जिवंत घरी आणले, अशी हकिकत सांगितली जाते. तेव्हापासून एका घाण्याचे यीस्ट पुढच्या घाण्याला, त्याचे त्याच्या पुढच्याला, असा क्रम चालू होता. आपण कालच्या दह्याचे विरजण आजच्या दुधाला लावतो, तसाच. विरजणात खोट शिरली की दही तारेचे होते आणि ती खोट रोज पुढे सरकते. जेकबसन यांना हे कोडे विज्ञानाने सुटावे असे वाटत होते, म्हणून त्यांनी १८७५ मध्ये स्वतंत्र प्रयोगशाळा उभारली आणि तिच्या नियमात लिहून ठेवले की इथला महत्त्वाचा कुठलाही शोध गुप्त ठेवायचा नाही. १८७९ मध्ये हॅन्सन तिथे शरीरक्रियाविज्ञान विभागाचे प्रमुख झाले आणि मरेपर्यंत त्या पदावर राहिले.

सुरुवातीला त्यांनी यीस्ट कुठून येते याचाच माग काढला. लिंबाच्या आकाराच्या पेशी असलेले एक रानटी यीस्ट उन्हाळ्यात पिकलेल्या फळांवर वाढते, पावसाबरोबर जमिनीत उतरते, हिवाळा मातीत काढते आणि वाऱ्याबरोबर, किड्यांबरोबर पुन्हा फळांवर पोहोचते, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे ब्रुअरीच्या शेजारची फळबागसुद्धा संशयित ठरली.

बिअर नासते ती जिवाणूंमुळे, असे लुई पाश्चर यांचे म्हणणे होते. जेकबसन तर पाश्चर यांचे भक्त. त्यांचा पुतळा त्यांनी मुद्दाम घडवून घेतला होता. यीस्ट स्वच्छ करण्यासाठी पाश्चर यांनी टार्टारिक आम्लाची रीत सुचवली होती. हॅन्सन यांनी तपासले तेव्हा आढळले की या रीतीने जिवाणू मरतात खरे, पण रानटी यीस्टचे उलट फावते. ज्याच्या पगारावर काम करतो त्याच्याच दैवताला आव्हान द्यायचे, हे सोपे नव्हते. त्यातच १८८३ मध्ये खुद्द कार्ल्सबर्गची बिअर बिघडली. चव आणि वास दोन्ही गेले.

हॅन्सन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजल्या आणि यीस्टचे मिश्रण इतके पातळ केले की एका फ्लास्कमध्ये जेमतेम एखादीच पेशी जावी. फ्लास्क हलवून स्थिर ठेवले. जिथे पेशी बसली तिथे काही दिवसांत पांढरा ठिपका उमटला. एकच ठिपका दिसला तो फ्लास्क ठेवायचा, बाकीचे टाकायचे. त्या ठिपक्यातले सगळे यीस्ट एकाच पेशीचे वंशज. रोगजंतू वेगळे काढण्यासाठी जर्मनीत रॉबर्ट कॉख याच सुमारास शुद्ध वाढीच्या पद्धती बसवत होते. हॅन्सन तेच काम एका बिअर कारखान्यात करत होते. कार्ल्सबर्गच्या यीस्टमध्ये त्यांना चार जाती सापडल्या. चांगली बिअर देणारी त्यांतली एकच. साशंक असलेले जेकबसन अखेर तयार झाले आणि नोव्हेंबर १८८३ मध्ये एका पेशीपासून वाढवलेल्या यीस्टवर कारखान्यात पहिली बिअर आंबवली गेली. खोट नाहीशी झाली.

जेकबसन यांनी हे यीस्ट आणि ही पद्धत स्वतःपुरती ठेवली नाही. मागेल त्या ब्रुअरीला, स्पर्धकालाही, ते मिळाले. आज जगात सर्वाधिक पिकणारी लागर बिअर बव्हंशी याच कुळातल्या यीस्टवर उभी आहे. माझ्या मते हॅन्सन यांच्या शोधाइतकेच मोल या निर्णयाला आहे. यीस्ट कुलपात राहिले असते तर आज हॅन्सन हे नाव एका कंपनीच्या दप्तरातच सापडले असते.

विरोधही झाला, आणि तो सगळाच अडाणी नव्हता. इंग्लंडमधले ब्रुअर म्हणत की महिनोन् महिने पिंपात आणि बाटलीत मुरणाऱ्या आमच्या बिअरला एकट्या शुद्ध यीस्टने ती जुनी चव येत नाही. त्यांचे म्हणणे खरे निघाले, आणि ते सिद्ध झाले हॅन्सन यांच्याच गोटात. कार्ल्सबर्गमधल्या क्लॉसेन यांनी १९०४ मध्ये दाखवले की ती चव एका वेगळ्या, सावकाश काम करणाऱ्या यीस्टमुळे येते. त्याला त्यांनी ब्रेटानोमायसीस, म्हणजे ब्रिटिश बुरशी, असे नाव दिले. लागरवाल्यांचा चोर इंग्रजांच्या घरी पाहुणा होता.

२७ ऑगस्ट १९०९ रोजी हॅन्सन यांचे निधन झाले. आपल्या लागर यीस्टला त्यांनी आदल्याच वर्षी कार्ल्सबर्गचे नाव दिले होते. ते यीस्ट मुळात संकरित आहे, आणि त्याच्या दोन पूर्वजांपैकी थंडी सोसणाऱ्या पूर्वजाचा पत्ता २०११ मध्ये लागला, थेट अर्जेंटिनातल्या पॅटागोनियाच्या जंगलात. कार्ल्सबर्गच्या तळघरात हॅन्सन यांच्या काळातली भरलेली बाटली मिळाली. तिच्यात अजून जिवंत असलेल्या पेशी वाढवून २०१६ मध्ये पुन्हा बिअर करण्यात आली.

त्यांच्या स्मरणार्थ यीस्टच्या एका प्रजातीला हॅन्सेन्युला हे नाव देण्यात आले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची हेपॅटायटिस बी प्रतिबंधक लस याच हॅन्सेन्युला यीस्टच्या पेशींमध्ये तयार होते.