विश्लेषण : राजकन्येचे बहिरेपण उशिरा का कळले?
प्रिन्स फिलिप यांच्या आई राजकन्या ॲलिस १८८५ मध्ये विंडसर कॅसलमध्ये जन्मल्या. पणजी साक्षात राणी व्हिक्टोरिया. तरी बाळाला जन्मतःच ऐकू येत नाही, हे कुणाला कळले नाही. तेव्हा चाचणीच नव्हती. बोलायला उशीर झाला, तेव्हा आजीला शंका आली. आज झोपलेल्या बाळाच्या कानात छोटे उपकरण ठेवून काही मिनिटांत ‘ओएई’ तपासणी होते. ती पहिल्या महिन्यात व्हावी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत, असा दंडक आहे. ॲलिसना आईने ओठांवरून बोलणे ओळखायला शिकवले. त्या अनेक भाषा शिकल्या. महायुद्धात त्यांनी अथेन्समधील घरात ज्यू कोहेन कुटुंबाला लपवले. गेस्टापोच्या प्रश्नांपुढे त्यांनी बहिरेपणाचीच ढाल केली, असे सांगतात. १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले.