यवतमाळचे जिंदादिल भाऊसाहेब

वकिली हा व्यवसाय, शिकार हा शौक आणि शायरी हे वेड. या तिन्ही गोष्टी एकाच माणसात नांदल्या, तो माणूस यवतमाळचा. कागदोपत्री नाव वासुदेव वामन पाटणकर. उभ्या महाराष्ट्राला मात्र ते भाऊसाहेब पाटणकर म्हणूनच ठाऊक. १९०८ साली त्यांचा जन्म झाला आणि १९९७ साली ते गेले. मराठीत शायरीची मैफल रंगवता येते, हे त्यांनी गावोगावच्या श्रोत्यांना दाखवून दिले.

वऱ्हाडात हे घडावे यात नवल नाही. १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात जाईपर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. फारसी-उर्दूचे शब्द इथल्या बाजारात आणि कचेरीत केव्हाच मुरले होते. वकील, दावा, फिर्याद, जामीन, हजर, गैरहजर हे शब्द बोलल्याशिवाय कोर्टाचा एक दिवस सरत नाही. ते मुसलमानांचे की हिंदूंचे, असे तिथे कोणी विचारत नाही. अशा भाषेत दिवस घालवणाऱ्या वकिलाला दोस्त, इश्क आणि मैफल हे शब्द परके वाटण्याचे कारण नव्हते.

भाऊसाहेबांच्या आधी माधव जूलियन यांनी गझलेची वृत्ते मराठीत आणली होती. ते फारसीचे प्राध्यापक होते. १९२५ साली त्यांचा फारसी-मराठी कोश निघाला आणि १९३३ साली ‘गज्जलांजलि’ हा संग्रह. भाऊसाहेबांची वाट वेगळी होती. त्यांनी मुशायऱ्याचा मिजाज उचलला. त्यांची रचना बहुतेक चार ओळींची. पहिल्या ओळींत गोष्ट साधी वाटते, श्रोता निश्चिंत होतो आणि शेवटच्या ओळीत त्याला चकवा मिळतो. मग हसू फुटते, दाद येते. समोरच्यांना ते दोस्तहो म्हणून हाक मारत. त्यांच्या एका पुस्तकाचे नावही तेच आहे.

पण त्यांनी उर्दूची नुसती नक्कल केली नाही. उर्दू शायरीतला आशिक प्रियेच्या गल्लीत खेटे घालतो, अपमान सोसतो, तिच्या पायाची धूळ होण्यातही धन्यता मानतो. भाऊसाहेबांचा आशिक तितकाच वेडा असला तरी लाचार नाही. जिथे स्वागत नाही तिथे तो पाऊल ठेवत नाही. प्रेमाची भीक मागणे त्याला मंजूर नाही. मौज अशी की, आपल्याला काही फरक पडत नाही हे तो जितक्या ठसक्यात सांगतो, तितके ऐकणाऱ्याला कळते की घाव खोल आहे. माणूस दुःख लपवायला अभिमानाची चादर ओढतो. ती चादर न ओढताही तिच्याखालचे दाखवणे भाऊसाहेबांना साधले होते.

मृत्यूवरच्या त्यांच्या रचनांत ही नजर आणखी धारदार होते. तिथे मेलेला माणूसच बोलतो. स्वतःची अंत्ययात्रा पाहतो, लोकांनी केलेल्या तयारीवर रागावतो, स्वर्ग-नरकाच्या दारातही खोड्या काढतो. श्रोते खळखळून हसतात आणि हसता हसता त्यांच्या ध्यानात येते, आपणही असेच आहोत. प्राण गेला तरी मान-अपमान सुटत नाही. मागे लोक काय म्हणतील, ही काळजी जणू तिरडीवरही आपल्यासोबत झोपते.

स्वर्ग-नरकाची अशी थट्टा गालिबनेही केली आहे. उर्दू शायरीत शेख आणि वाइज यांची टिंगल ही तर जुनी रीत. तिचा रोख श्रद्धेवर नसून दिखाव्यावर असतो. लोकांनी पाहावे म्हणून नमाज पढणाऱ्यांना कुरआनच्या ‘माऊन’ सूरेतही कडक इशारा आहे. रोजा धरला की नाही, हे अखेर माणूस आणि त्याचा रब यांनाच ठाऊक असते. माणसाचे खरे रूप तपासायचे तर कोणी पाहत नसताना तपासावे, ही गोष्ट धर्मही सांगतो आणि शायरही. शायर ती हसवत सांगतो, एवढेच.

कोर्टात पुरावा लागतो. साक्षीदाराने जे पाहिले तेवढेच सांगायचे असते आणि तेही अनेकदा मोजून-मापून. शायरीत उलट आहे. मेलेला माणूस कधी बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत असते. तरी त्याच्या तोंडी घातलेले बोलणे खोटे वाटत नाही, कारण जिवंतपणी जे कबूल करायची हिंमत होत नाही तेच तो बोलतो. जे घडलेच नाही त्यातून माणसाच्या मनातले खरे बाहेर काढणे, हे कल्पनेचे काम. वकिली करणाऱ्या भाऊसाहेबांना दोन्ही दरबारांचे कायदे ठाऊक होते.

‘मराठी शायरी’, ‘मराठी मुशायरा’, ‘दोस्तहो’, ‘मैफल’ आणि ‘जिंदादिल’ ही त्यांची पुस्तके. आज लग्नाच्या स्वागत समारंभात, स्नेहसंमेलनात निवेदक त्यांच्या ओळी सर्रास म्हणतात, टाळ्या घेतात. नाव मात्र पुष्कळदा राहून जाते. निदान यवतमाळकरांनी तरी ते राहू देऊ नये. टाळ्यांआधी एकदा भाऊसाहेबांचे नाव घ्यावे. ज्या दोस्तांना त्यांनी आयुष्यभर हाक मारली, त्यांच्याकडून एवढी दाद त्यांना येणे आहे.