एका रविवारपुरती स्वप्ने

वर्तमानपत्राचे आयुष्य एका दिवसाचे. रविवारच्या पुरवणीला फार तर सोमवारपर्यंत मुदतवाढ मिळते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या पट्ट्यात आठवड्याचे सहा दिवस लोकल पकडण्यात जातात. पेपर वाचायचा तो उभ्या उभ्या, चार घड्या घालून, शेजाऱ्याच्या कोपरापासून वाचवत. पुरवणीचे तसे नाही. ती घरी, चहाबरोबर, जमिनीवर पसरून वाचायची. मग ती कपाटाच्या फळीवर अंथरली जाते, डब्याच्या तळाशी जाते आणि उरलेली महिनाअखेरीस रद्दीवाल्याच्या तराजूत. यात कुणालाच काही वावगे वाटत नाही.

पण एखाद्या माणसाने आपली सगळी कला अशाच एक दिवस जगणाऱ्या कागदावर ओतली असेल तर? शंभर-सव्वाशे वर्षांनी त्याचे काय उरते, आणि जे उरते ते कुणामुळे? विन्सर मॅके या अमेरिकन चित्रकाराचे आयुष्य हाच प्रश्न घेऊन आपल्यासमोर उभे राहते.

मॅकेच्या जन्मसालाचाच घोळ आहे. त्याच्या थडग्यावर १८६९ असे कोरले आहे. चरित्रकार एक-दोन वर्षे मागे जातात. तो स्वतः मात्र आणखी तरुण असल्याचे सांगत असे. बालपण मिशिगन राज्यात गेले. मुलाने व्यापारउदीम शिकावा, हिशेबात हुशार व्हावे, अशी वडिलांची इच्छा. १८८६ मध्ये त्यांनी त्याला इप्सिलँटी गावच्या व्यापारी विद्यालयात घातले. चिरंजीव तास बुडवून डेट्रॉइटला पळत आणि तिथल्या एका करमणूक-गृहात, पैसे घेऊन, येणाऱ्याजाणाऱ्यांची चित्रे काढत. आयुष्याची उमेद खातेवह्यांत घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या बुडवलेल्या तासांचे अंमळ कौतुकच वाटते. त्या काळात एक गुरूही भेटला. जॉन गुडिसन नावाच्या प्राध्यापकाने त्याला यथार्थदर्शन शिकवले: जवळचे मोठे, दूरचे लहान, आणि सगळ्या रेषा कुठे जाऊन मिळतात याचे गणित. पुढे मॅकेने जे स्वप्नमहाल उभे केले, त्यांचा पाया हा.

१८८९ मध्ये तो शिकागोला गेला आणि सर्कशीची भित्तिपत्रके छापणाऱ्या छापखान्यात राबला. १८९१ मध्ये सिनसिनाटी शहरात आला, तिथल्या एका दहा सेंट तिकिटाच्या अजबखान्यासाठी फलक रंगवू लागला, आणि त्याच वर्षी मॉड द्युफूर या मुलीशी लग्न केले. ती जेमतेम चौदा वर्षांची होती. रॉबर्ट आणि मॅरियन अशी दोन मुले झाली. संसार वाढला तशी पैशाची निकडही वाढली. मग वर्तमानपत्रांसाठी चित्रे काढणे आले. १९०३ मध्ये न्यू यॉर्कच्या ‘हेरल्ड’ने त्याला बोलावून घेतले आणि त्याच्या आयुष्याची खरी दहा वर्षे सुरू झाली.

तो काळ अमेरिकेतल्या रविवार-पुरवण्यांच्या भरभराटीचा होता. रंगीत छपाईची यंत्रे आली होती, आणि ज्याच्या चित्रमालिका चांगल्या त्याचा खप जास्त, असे साधे गणित होते. मॅके एकाच वेळी दोन-तीन मालिका चालवी. एकीत एक छोटा मुलगा दर वेळी भलत्या क्षणी शिंकतो आणि सगळे होत्याचे नव्हते करतो. एकदा तर त्याच्या शिंकेने चित्राची चौकटच मोडून पडली. दुसरी मालिका मोठ्यांसाठी होती. झोपण्यापूर्वी वितळलेल्या चीजचा टोस्ट खाऊन माणसांना जी भयंकर स्वप्ने पडतात त्यांची. रात्री उशिरा भजी हाणून झोपलेल्या कुणालाही ती सहज कळावी. ही मालिका तो दुसऱ्याच नावाने काढत असे.

आणि १५ ऑक्टोबर १९०५ च्या रविवारी ‘हेरल्ड’मध्ये निमो अवतरला. ‘लिटल निमो इन स्लंबरलँड’. निमो हा सहा-सात वर्षांचा मुलगा; चेहरामोहरा मॅकेने आपल्या रॉबर्टवरून घेतलेला. निद्रानगरीचा राजा त्याला आपल्या राजकन्येचा सवंगडी म्हणून बोलावणे धाडतो. निमो निघतो, वाटेत काहीतरी अघटित घडते आणि शेवटच्या छोट्या चौकटीत तो पलंगावरून खाली पडून जागा होतो. दर रविवारी हेच. राजकन्येपर्यंत पोचायलाच त्याला कित्येक महिने लागले. एवढ्याशा कथेत वाचकांना धरून ठेवले ते चित्रांनी. पान साधारण सोळा इंच रुंद आणि एकवीस इंच उंच. त्यावर मॅके चौकटी हव्या तशा ताणायचा: हत्ती जवळ येऊ लागला की चौकटी उंच होत, मिरवणूक निघाली की रुंद. कुठे कोणता रंग हवा याच्या बारीक सूचना तो छापखान्याला देई, आणि ‘हेरल्ड’चे कारागीरही त्या निगुतीने पाळत.

२६ जुलै १९०८ चे पान अनेकांच्या मते या मालिकेतले सर्वांत गाजलेले. निमोच्या पलंगाचे पाय वाढत वाढत जिराफासारखे होतात आणि तो पलंग चांदण्या रात्री शहरातून चालत सुटतो. घरांच्या छपरांवरून टांगा टाकतो, आणि शेवटी अडखळतो. घरातल्या मुलांना हे पान दाखवून पाहा. सव्वाशे वर्षांपूर्वीचे आहे हे सांगण्याची गरज पडत नाही.

मॅकेच्या पानांतले सगळेच काही मुलांपुढे जसेच्या तसे ठेवावे असे नाही, हेही सांगितले पाहिजे. निमोचा एक सोबती आफ्रिकन मुलगा आहे. त्याचे जाड ओठ, गवताचा घागरा, अर्थहीन बोली हे सारे त्या काळच्या गोऱ्या अमेरिकेच्या वंशद्वेषाचे चित्र आहे. जुने कागद जपायचे म्हणजे त्यांतले लाजिरवाणेही जपावे लागते. ते खोडून टाकले तर मुलांना ते समजावून सांगण्याची संधीही जाते.

निमोने मॅकेला कीर्ती दिली. १९०६ पासून तो रंगमंचावरही जाऊ लागला. फळ्यावर खडूने झपाट्याने चित्रे काढायची, माणसाचे बालपणापासून म्हातारपणापर्यंतचे चेहरे काही मिनिटांत पालटवायचे, असा त्याचा खेळ. १९०८ मध्ये निमोवर मोठे संगीत नाटक आले. १९११ मध्ये त्याने सुमारे चार हजार चित्रे काढून निमोला पडद्यावर हलते केले. १९१४ मध्ये ‘गर्टी’ नावाची डायनोसॉर आली. मॅके रंगमंचावर चाबूक घेऊन उभा राही आणि पडद्यावरची गर्टी त्याच्या आज्ञा पाळी, रुसे, रडे. खेळाच्या शेवटी मॅके पडद्यामागे जाई आणि त्याच क्षणी चित्रातला मॅके गर्टीच्या पाठीवर बसून निघून जाई.

आपले दादासाहेब फाळके याच सुमारास नाशिकला झटत होते, हे इथे आठवते. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. दोनच वर्षांनी फाळक्यांनी काड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपट केला. अंबरनाथला विमकोचा आगपेट्यांचा कारखाना त्यानंतर काही वर्षांनी आला. पुढे त्या पेट्यांवरची लेबले जमवणारे हौशी लोक निघाले. फाळक्यांच्या काड्यांची ती फिल्म मात्र आज कुठेच नाही.

मॅकेची कहाणी इथे वळण घेते. १९११ मध्ये तो ‘हेरल्ड’ सोडून विल्यम रँडॉल्फ हर्स्ट या वृत्तपत्रसम्राटाकडे गेला. पगार वाढला. पण पगार देणाऱ्याला आपला माणूस रंगमंचावर आणि सिनेमात वेळ घालवतो हे खपेना. हर्स्टचे संपादक आर्थर ब्रिस्बेन यांना चित्रमालिका हा पोरखेळ वाटे. त्यांनी मॅकेला स्वप्ने बाजूला ठेवून गंभीर अग्रलेखांसाठी चित्रे काढायला बसवले. रंगमंचावरचे दौरे बंद झाले. पुढची वीसेक वर्षे, मधला थोडा काळ वगळता, मॅके दुसऱ्यांच्या मतांना चित्रे पुरवत राहिला. आळस, व्यसन, युद्ध, पैसा. रेखाटन अप्रतिम, आणि विषय वरून आलेला. नोकरीत उमेदीची वर्षे घालवलेल्या कुणालाही यातली घालमेल समजेल. त्याने नोकरी सोडली नाही. सवड काढून, दोन वर्षांच्या आसपास खपून, १९१८ मध्ये ‘लुसिटानिया’ जहाजाच्या बुडण्यावर चलचित्रपट पुरा केला. त्यासाठी पंचवीस हजारांच्या आसपास चित्रे लागली. १९२४ मध्ये तो जुन्या वर्तमानपत्राकडे परतला आणि निमोला पुन्हा जिवंत केले, पण वाचकांची आवड पालटली होती. १९२६ अखेर निमो बंद पडला. मॅके पुन्हा हर्स्टकडे, त्याच टेबलापाशी गेला. २६ जुलै १९३४ रोजी मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या विकाराने तो वारला. शेवटच्या झटक्यात त्याचा उजवा हात, चित्र काढणारा हात, लुळा पडला होता.

छापून झाल्यावर मूळ चित्रे परत मिळावीत असा मॅकेचा आग्रह असे. त्यामुळे मागे मोठा साठा राहिला; पण १९३० च्या दशकाअखेरीस लागलेल्या आगीत त्यातला बराच जळाला. उरलेला मुलाच्या घरी गेला. पैशांची अडचण आली तेव्हा काही चित्रे विकली गेली. १९४७ मध्ये निमोला त्या वेळच्या वर्तमानपत्राच्या पानाच्या आकारात बसवण्यासाठी मुलाने आणि त्याच्या भागीदाराने काही मूळ पानांना कात्री लावली. ज्याच्या चेहऱ्यावरून निमो काढला त्याच रॉबर्टने. यात दुष्टावा नव्हता; घर चालवायचे होते. १९६६ मध्ये न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मॅकेच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, तेव्हा कुठे लोकांना त्यांची किंमत कळू लागली.

छापील पाने ग्रंथालयांत सुरक्षित असतील असे कुणालाही वाटेल. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतली ग्रंथालये जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड मोडीत काढत होती. जागा नाही, कागद ठिसूळ झाला, आणि मायक्रोफिल्म तर घेऊन ठेवली आहे, ही कारणे. मायक्रोफिल्म काळीपांढरी, म्हणजे निमोचे सगळे रंग गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल ब्लॅकबियर्डला हे पाहवले नाही. ग्रंथालये खासगी माणसाला खंड देत नसत, म्हणून त्याने १९६८ मध्ये आपल्या घरातच एक धर्मादाय संस्था नोंदवली आणि ते खंड आणायला सुरुवात केली. घर तळघरापासून वरपर्यंत कागदांनी भरले. तीस वर्षांनी त्याचा संग्रह ओहायो स्टेट विद्यापीठाने घेतला, तेव्हा पंचाहत्तर टन कागद न्यायला सहा अवजड ट्रक लागले. ब्लॅकबियर्ड २०११ मध्ये गेला.

त्याच्यानंतरची पिढी कागद जपतेच, शिवाय वाटतेही. अमेरिकेत त्या काळातल्या छापील मजकुरावरचा हक्क प्रसिद्धीनंतर पंचाण्णव वर्षांनी संपतो. त्यामुळे १९०५ चा निमो आज सर्वांचा आहे. घरोघरचे हौशी लोक जुनी पाने स्कॅन करतात, पिवळेपणा काढून रंग मूळपदावर आणतात आणि इंटरनेटवर फुकट ठेवतात. पीटर मारेस्का या संग्राहकाने २००५ मध्ये निमोची निवडक पाने मूळ आकारात पुस्तकरूपाने छापली.

आपल्याकडे काय? शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले आणि त्यात व्यंगचित्रे काढली. पुढे इंद्रजाल कॉमिक्स मराठीत आली आणि १९९० मध्ये मालिकाच बंद झाली. १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये चिंटू आला. यातले किती घरांत शिल्लक आहे? आपल्या भागात तर कागदाला पाण्याचेही भय. २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनी घरांत शिरल्या, तेव्हा तळमजल्यांवरच्या ट्रंकांतली किती पाने लगदा झाली याची मोजदाद कुणी केली नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत उतरून उल्हासनगर वसवणाऱ्या सिंधी कुटुंबांना सोबत आणता आलेल्या एकेका कागदाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

ब्लॅकबियर्डसारखे घर भरून टाका, असे कुणी म्हणणार नाही. आपल्या वन रूम किचनमध्ये ते शक्यही नाही. पण पुढच्या वेळी माळा आवरताना जुन्या अंकांची चळत निघाली, तर ती तराजूत टाकण्याआधी उलटून पाहावी. एखादी चित्रमालिका सापडली तर पान सपाट ठेवून, उजेडात, पूर्ण पानाचा रंगीत फोटो घ्यावा. वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख त्यात यायलाच हवी, नाहीतर पुढे त्याचा ठावठिकाणा लागत नाही. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, ती कागद खाते. मूळ पान घडी न घालता, जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावे. आणि ठेवायचे नसेलच तर जवळच्या ग्रंथालयाला आधी विचारावे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, आणि लोकलने तिथे पोचायला तासभरही लागत नाही.