देणाऱ्याचा हात आणि रमाबाईंचा हिशोब

पुणे-सोलापूर रस्त्यानं आमच्या कासुर्डीहून निघालं, यवत मागं टाकलं आणि चौफुल्याला वळलं की केडगाव येतं. केडगाव म्हटलं की आमच्याकडे आधी स्टेशन आठवतं आणि मग मिशन. मिशन म्हणजे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. बचत गटाच्या बैठकीत कधी रमाबाईंचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतोच. एवढ्या मोठ्या पसाऱ्याला पैसा आला कुठून? कुणी म्हणतं इंग्रज सरकारनं दिला, कुणी म्हणतं परदेशातल्या चर्चनं ओतला. मैत्रिणींनो, रमाबाईंचं आयुष्य या एका प्रश्नाच्या धाग्यानं वाचून बघा, बाई वेगळीच दिसायला लागते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेले. पुढं सगळं कुटुंब तीर्थक्षेत्रं हिंडत पुराण सांगायचं आणि ऐकणारे जे ठेवतील त्यावर चूल पेटायची. म्हणजे धर्माच्या नावानं येणारा पैसा या मुलीनं अगदी लहानपणापासून पाहिला होता. दुष्काळ पडला तेव्हा घरात होतं नव्हतं ते पुण्यासाठी दानधर्मात गेलं, देव पावेल या आशेवर. देव काही पावला नाही. १८७४ मध्ये वडील गेले, त्यांच्यामागं आई, मग मोठी बहीण. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं उपाशीतापाशी, अनवाणी देशभर फिरली.

१८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोचली आणि तिथल्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण नशीब बघा, १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये नवराही कॉलऱ्यानं गेला. चोविशीच्याही आत वैधव्य, कडेवर पोर. अशा अवस्थेत त्या पुण्याला आल्या. इथं आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढं बायकांच्या शिक्षणासाठी साक्ष दिली. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च उभा केला. स्वतःच्या लेखणीची कमाई, त्यात कुणाचे उपकार नाहीत.

इंग्लंडमध्ये वाँटेजच्या जोगिणींनी त्यांना आसरा दिला. तिथंच सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आता आसरा देणाऱ्याचं सगळं ऐकायचं, अशी जगाची रीत. रमाबाईंनी ती मानली नाही. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममातेशी त्यांचा पत्रातून मोठा वाद झाला. देवावर विश्वास ठेवला म्हणून चर्चचा प्रत्येक हुकूम मानायचा, हे त्यांना पटेना. मुलग्यांना शिकवण्याची संधी आली तेव्हा बिशप मंडळींनी हरकत घेतली, तेव्हाही त्या खवळल्या. आपल्याकडे सत्सार लिहून त्यांच्या बाजूनं उभे राहिले ते जोतीराव फुले.

इथं थोडं थांबून त्या काळचा व्यवहार समजून घेऊ. गोऱ्या साहेबांच्या आणि पलटणींच्या चर्चमधले सरकारी पाद्री असत, त्यांचे पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून जात. म्हणजे आपल्या खापरपणज्यांनी भरलेल्या शेतसाऱ्यातूनच. ते चर्च सरकारपासून कायद्यानं वेगळं करणारा इंडियन चर्च अ‍ॅक्ट १९२७ मध्ये झाला आणि वेगळं झालं ते १९३० मध्ये. मिशनऱ्यांचं गणित निराळं होतं. त्यांचा बराचसा पैसा परदेशातल्या भाविकांच्या वर्गणीतून यायचा. त्यांच्या शाळांना सरकारी अनुदान मिळायचं, पण १८५४ च्या खलित्यापासून धोरण असं होतं की अनुदान शिक्षणासाठी, धर्मासाठी नाही. सगळ्या पाद्र्यांना सरकारच पोसायचं, हा समज म्हणून खरा नाही.

रमाबाईंनी तिसरीच वाट धरली. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला म्हणून १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथंच राहून त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दुःखावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. गावोगाव भाषणं दिली. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. त्यात निरनिराळ्या पंथांची माणसं होती. दहा वर्षं मदत करायची असं ठरलं आणि अट घातली गेली, की शाळा कुठल्याही पंथाची असणार नाही, मुलींवर धर्म लादला जाणार नाही.

या पैशावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढं धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई याच सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळात होते. विधवांना केस ठेवून, पुस्तक हातात धरून बसलेलं पुण्यानं पाहिलं, ही काही लहान गोष्ट नाही.

मग ठिणगी पडली. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं असायचं. काही मुली तिथं जाऊन बसू लागल्या. रमाबाईंचं म्हणणं असं की मी बोलावत नाही आणि हाकलतही नाही. ‘केसरी’नं टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतलं आणि वीस-पंचवीस मुली पालकांनी घरी नेल्या. बोस्टनची मदत मात्र चालू राहिली.

खरं सांगू का, मला यात दोन्ही बाजू कळतात. रमाबाईंनी आपल्या खोलीचं दार का लावावं? श्रद्धा काय चोरून पाळायची असते? पण ज्या बापानं समाजाचा विरोध पत्करून विधवा लेक शाळेत धाडली, त्याचं काय? सदन तटस्थ आहे या भरवशावर त्यानं तिला पाठवलं होतं. आणि त्या मुलीचं काय? जिथं जेवतो, शिकतो, झोपतो, त्या घरातल्या सर्वांत मोठ्या बाईची श्रद्धा ही पोरीवर आपोआप पडणारी सावली असते. जबरदस्ती नसली तरी दडपण असतंच. ज्या मुली घरी नेल्या गेल्या त्यांना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न तर दोन्हीकडच्या मोठ्या माणसांना लागू पडतो.

दहा वर्षांची मुदत संपल्यावर काय, याचा विचार रमाबाईंनी आधीच केला होता. त्यांनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली, बाग लावली. उत्पन्नावर संस्था उभी राहावी हा हेतू. १८९६-९७ मध्ये दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतातून त्या शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना माळरानावर केडगावला आणलं. असं ‘मुक्ती’ उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर वस्ती हजारावर गेली. ही संस्था उघडपणे ख्रिस्ती होती, त्यामुळं आत येणाऱ्याला पाटी वाचता येत होती. देणग्या येतच होत्या, पण मुलींचे हातही रिकामे नव्हते. शेती, दुभती जनावरं, हातमाग, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायाच चालवायच्या. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, अख्खं बायबल मराठीत आणलं आणि ते इथल्याच बायांच्या हातांनी छापलं गेलं.

सरकारपुढंही त्या वाकल्या नाहीत. १८९७ मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात बायकांचे कसे हाल होतात ते त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून उघड केलं. प्रश्न थेट इंग्लंडच्या पार्लमेंटात गेला. त्याच सरकारनं १९१९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई. १९८९ मध्ये भारत सरकारनं त्यांचं टपाल तिकीट काढलं.

आता गंमत बघा. शारदा सदनातल्या त्या भांडणाचं उत्तर १९५० मध्ये आपल्या राज्यघटनेनं दिलं. अनुच्छेद २७ सांगतो की एखाद्या धर्माच्या पोषणासाठी म्हणून लावलेला कर कुणावर सक्तीचा नाही. अनुच्छेद २८ म्हणतो की पूर्ण सरकारी पैशावरच्या शाळेत धर्मशिक्षण नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत ते असलंच, तर संमतीशिवाय कुणाला बसवायचं नाही, आणि मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती हवी. रानड्यांची काळजी आणि रमाबाईंचं उघडं दार, दोन्हींना त्यात जागा आहे.

हे सगळं केवळ चर्चपुरतं नाही बरं का. देऊळ असो, दर्गा असो, विहार असो, गावात घरटी वर्गणी ठरते तेव्हा पावती मागणारी बाई आगाऊ ठरते. निवडणूक जवळ आली की सभामंडपाला पैसे देणारे कुठून तरी उगवतात आणि मग भूमिपूजनाच्या फलकावर देवापेक्षा त्यांचाच फोटो मोठा असतो. आपण बायका हळदीकुंकवाला हौसेनं वर्गणी काढतो, पै-पैचा हिशोब ठेवतो. तोच हिशोब गावाच्या देवाचा का मागू नये? पैसा कुणाचा, कशासाठी आणि बदल्यात काय, हे तीन प्रश्न विचारल्यानं कुठल्याच देवाचा अपमान होत नाही. श्रद्धा आपली आपल्यापाशी राहते आणि तिजोरी सगळ्यांची राहते.