मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून माणगावच्या या गड्यानं बंदूकच उलटी धरली

मुंबई-गोवा हायवेनं कोकणात जाताना माणगाव लागतं. ट्रॅफिकमुळं शिव्या घालायचं हक्काचं ठिकाण. पण त्याच माणगावात तहसील कार्यालयापाशी एका सैनिकाचा पुतळा आहे. गाडीतल्या बहुतेकांना तो कुणाचा हे माहीत नसतं.

तो पुतळा आहे नाईक यशवंत घाडगे यांचा. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला, पण तो छातीवर लावायला जिवंत नसलेला मराठी माणूस.

व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे काय, तर शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्यासाठी ब्रिटिशांचं सर्वोच्च पदक. आपल्याकडे आज जे परमवीर चक्राचं स्थान, तेच तिकडे याचं. पदक सुरू झालं १८५६ साली, पण भारतीय शिपायांना ते मिळायला १९११ साल उजाडावं लागलं. म्हणजे पन्नासेक वर्षं भारतीय शिपाई लढत होते, मरत होते, पण या पदकाच्या यादीत त्यांना जागाच नव्हती.

घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. गाव माणगाव तालुक्यातलं पळसगाव. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, रायगड हे नाव १९८१ साली आलं.

त्या काळातलं कोकण म्हणजे पावसाळ्यात भाताचं एक पीक, आणि बाकीचं वर्ष मनीऑर्डरच्या वाटेकडे डोळे. घरातला कर्ता पोरगा एकतर मुंबईच्या गिरणीत जायचा नाहीतर फौजेत. माणगाव, महाड, पोलादपूर या पट्ट्यात घरटी शिपाई सापडावा अशी परिस्थिती होती. त्यामुळं यशवंत घाडगे पलटणीत गेले यात गावाला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

ते गेले पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये.

ही मराठा लाइट इन्फंट्री म्हणजे बेळगावात केंद्र असलेली, १७६८ पासूनचा इतिहास सांगणारी रेजिमेंट. तिसऱ्या बटालियननं १९४१ साली आफ्रिकेत, इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर इटालियन फौजेला पाणी पाजलं होतं. तेव्हा या बटालियनचे कमांडर होते डेनिस रीड. पुढं ते युद्धकैदी झाले, इटलीतल्या कैदेतून पळाले आणि बढती मिळून दहाव्या भारतीय डिव्हिजनचे प्रमुख झाले. योगायोग असा, की १९४४ साली त्यांची जुनी तिसरी मराठा त्यांच्याच डिव्हिजनमध्ये इटलीत लढत होती.

आता इथं एक प्रश्न येतो. सोशल मीडियावर तर तो हमखास येतो. देश गुलामीत असताना इंग्रजांसाठी लढणाऱ्याचं कौतुक कशाला करायचं ?

प्रश्न चुकीचा नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगोनं कुणालाही न विचारता भारत युद्धात उतरल्याचं जाहीर करून टाकलं. त्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक सरकारांनी राजीनामे दिले. पुढं १९४२ चं चले जाव आंदोलन पेटलं. तेव्हाच्या पश्चिम खान्देशात, नंदुरबारमध्ये ९ सप्टेंबर १९४२ ला तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती त्यात गेले. शिरीषकुमारचं वय होतं १५ वर्षं.

म्हणजे एकीकडे खान्देशातला पोरगा इंग्रज सरकारच्या गोळीनं मरत होता, आणि दुसरीकडे कोकणातला पोरगा त्याच सरकारच्या वर्दीत शत्रूच्या गोळीला सामोरा जात होता. दोन्ही घटनांत दोन वर्षांचंही अंतर नाही. दोघांची तुलना करून एकाला कमी ठरवायचा उद्योग काही जण करतात, पण त्यातून हाती काही लागत नाही. युद्ध सुरू झालं तेव्हा भारतीय फौज दोन लाखांच्या आसपास होती, संपताना ती २५ लाखांवर गेली होती. एवढ्या सगळ्यांना इंग्रजांचं प्रेम होतं म्हणून ते गेले, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं तेव्हाच्या गावातली चूल पाहिलेली नाही. आणि समोर जो होता तो हिटलरचा जर्मनी होता, हेही विसरून चालत नाही.

तर, इटली.

इटलीनं सप्टेंबर १९४३ मध्येच शरणागती पत्करली होती. पण जर्मन फौज तिथून हलली नाही. ४ जून १९४४ ला रोम पडलं आणि जर्मन उत्तरेकडे सरकायला लागले. पळून जात नव्हते, तर प्रत्येक टेकडीवर थोडी माणसं आणि मशिनगन ठेवून, दोस्त फौजांना अडवत, वेळ काढत मागं जात होते. उत्तरेला त्यांची पक्की बचावफळी तयार होत होती आणि तिच्यासाठी त्यांना दिवस हवे होते.

टायबर नदी आपल्याला रोममुळं माहीत असते. पण तिचं वरचं खोरं म्हणजे टेकड्या, द्राक्षाचे मळे, ऑलिव्हची झाडं आणि उंचावर वसलेली दगडी गावं. पर्यटकाला सुंदर, चढाई करणाऱ्या शिपायाला जीवघेणं. वरच्याला खालचा माणूस स्पष्ट दिसतो, खालच्याला मात्र झुडपात दडलेली मशिनगन गोळी सुटल्यावरच कळते. जर्मनांची एमजी ४२ ही मशिनगन तर मिनिटाला हजारावर गोळ्या ओकायची.

१० जुलै १९४४. मराठ्यांच्या एका कंपनीनं मोंतोने परिसरातल्या अशाच एका भक्कम ठाण्यावर हल्ला चढवला. त्यातल्या एका रायफल सेक्शनचे कमांडर होते नाईक यशवंत घाडगे. नाईक म्हणजे शिपायाच्या वरची दुसरी पायरी, हाताखाली दहाएक माणसं.

सेक्शन पुढं सरकला आणि अगदी जवळून मशिनगन सुरू झाली.

काही क्षणांत सगळा सेक्शन आडवा झाला. कुणी जागीच गेला, कुणी जखमी. धडधाकट उरले फक्त घाडगे.

अशा वेळी जमिनीला चिकटून पडून राहणं, मागून कुमक यायची वाट पाहणं हे कुठल्याही लष्करात चुकीचं धरलं नसतं. पण ते सरळ मशिनगनच्या दिशेनं धावत सुटले. आधी हातगोळा फेकला. मशिनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गार. पण ठाण्यात अजून माणसं होती. हातातल्या टॉमी गननं त्यांनी आणखी एकाला टिपलं.

आणि तिथं गोळ्या संपल्या.

टॉमी गनच्या मॅगझीनमध्ये साधारण २० किंवा ३० गोळ्या मावतात. मॅगझीन बदलायला लागतात काही सेकंद. समोर दोन जर्मन उभे असताना ते काही सेकंद मिळणार नव्हते. घाडगे यांनी बंदूक नळीकडून धरली आणि तिच्या दस्त्यानं त्या दोघांना झोडपून काढलं. दोघंही तिथंच संपले.

ठाणं एकट्यानं घेतलं होतं. पण आसपास दडलेले जर्मन नेमबाज हे सगळं पाहत होते. त्यांच्या गोळ्या घाडगे यांच्या छातीत आणि पाठीत घुसल्या. जे ठाणं त्यांनी जिंकलं, त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला.

वय होतं २२ वर्षं.

नोव्हेंबर १९४४ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉसची घोषणा झाली. मराठा लाइट इन्फंट्रीच्या वाट्याला हे पदक दोनदाच आलं. दुसरे मानकरी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ ला इटलीतच सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमी सोबत्यांना गोळीबारातून बाहेर काढलं आणि मशिनगनची ठाणी एकट्यानं उडवली. जाधव वाचले, १९८४ पर्यंत जगले. घाडगे यांच्या नशिबी ते नव्हतं.

पदक घ्यायला दिल्लीला गेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. १९४५ साली लाल किल्ल्यात व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी ते त्यांच्या हाती दिलं. माणगावच्या खेड्यातली तरुण विधवा आणि समोर अख्खा साम्राज्याचा थाट. पदक धातूचं असतं, त्यावर संसार चालत नाही, हे तिथं बसलेल्या साहेबांपेक्षा त्या बाईला जास्त कळत असणार.

आणि गंमत बघा, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याच लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला. एकाच किल्ल्यात एका भारतीय सैनिकाचा सन्मान झाला आणि काही महिन्यांनी दुसऱ्या भारतीय सैनिकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं गेलं. पुढं स्वातंत्र्य आलं आणि साहजिकच इंग्रजांच्या वर्दीत लढलेल्यांची गोष्ट मागं पडली. शाळेच्या पुस्तकात त्यांना जागा मिळणं अवघडच होतं.

इटलीच्या मोहिमेत ५० हजारांवर भारतीय सैनिक लढले. त्यातले ५,७८२ परत आले नाहीत. तिथं दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांचे आहेत.

जुलै २०२३ मध्ये मोंतोने गावानं घाडगे यांच्या नावानं एक स्मारक उभं केलं. स्मारकाचा आकार सूर्यघडीचा आहे, आणि आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचं लॅटिन वाक्य हे त्याचं ब्रीद. भारताच्या राजदूतही कार्यक्रमाला होत्या. जर्मनांच्या तावडीतून आपला भाग कुणी सोडवला हे त्या डोंगरातल्या छोट्या गावानं ८० वर्षं होत आली तरी लक्षात ठेवलं होतं.

घाडगे यांची कबर मात्र कुठंच नाही. रोमच्या दक्षिणेला कॅसिनोच्या युद्धस्मशानात एक स्मारक आहे. ज्यांचं दफन किंवा दहन कुठं झालं याची नोंद नाही अशा चार हजारांवर सैनिकांची नावं तिथं दगडावर कोरली आहेत. त्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या नावांमध्ये माणगावचे नाईक यशवंत घाडगेही आहेत.