‘श्यामची आई’ मोठेपणी पुन्हा वाचलं, तर साने गुरुजी वेगळेच दिसतात

‘श्यामची आई’ म्हटलं की बहुतेकांना दोन-तीन प्रसंग हमखास आठवतात. अंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून आईला धोंडीवर पदर पसरायला लावणारा श्याम. पोहायला घाबरून लपून बसलेला आणि आईच्या हातचा मार खाल्लेला श्याम. शाळेत असताना पुस्तक वाचून रडू आलं, संस्कार म्हणजे काय ते कळलं आणि मग ते कपाटात गेलं.

पण स्वतःच्या डोक्यावर कर्जाचे हप्ते असताना हेच पुस्तक पुन्हा उघडलं, तर नजर भलत्याच पानांवर थांबते. त्याचं कारण साने गुरुजींच्या आयुष्यात सापडतं.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोलीजवळच्या पालगडमध्ये झाला. घराणं खोताचं. म्हणजे एकेकाळी गावात मान आणि घरात धान्य. पण त्यांच्या लहानपणीच घर कर्जात बुडत गेलं. शिक्षणासाठी पांडुरंगला दापोली, औंध, पुणे असं फिरावं लागलं. १९१७ मध्ये आई यशोदाबाई गेल्या, तेव्हा तो १७ वर्षांचा होता आणि शेवटच्या क्षणी आईजवळ नव्हता.

पुढे १९२४ मध्ये ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांची अंथरुणं आवरण्यापासून आजारपण काढण्यापर्यंत सगळं ते करायचे. १९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे गीतेवर बोलायचे, ते उतरवून घेणारा हात साने गुरुजींचाच. त्यातूनच ‘गीताप्रवचने’ हा ग्रंथ उभा राहिला.

फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतलं. बहुतेक पुस्तक पाच दिवसांत कागदावर उतरलं. आई जाऊन तेव्हा १५ वर्षं उलटली होती आणि लिहिणारा ३३ वर्षांचा कैदी होता.

आता पुस्तकाची रचना आठवा. आश्रमात रात्री प्रार्थनेनंतर मोठा झालेला श्याम आपल्या सोबत्यांना आठवणी सांगतो. म्हणजे बालपणाकडे मागे वळून बघणारा हा एक मोठा माणूस आहे. लहानपणी आपण हे विसरून थेट छोट्या श्यामच्या मागे धावतो.

मोठेपणी आधी दिसतं ते कर्ज. सावकाराचा माणूस वसुलीला घरात येऊन वाटेल ते बोलतो. पुढे घराच्या जप्तीची दवंडी गावभर पिटली जाते. आईचं आजारपण या अपमानापासून वेगळं काढता येत नाही. लहानपणी ती फक्त आजारी वाटते, आता ती खचत गेलेली दिसते.

दुसरी गोष्ट जातीची. रस्त्यात एका म्हातारीची लाकडाची मोळी खाली पडते. ती महार समाजातली, त्यामुळे कुणी हात लावत नाही. आई श्यामला मोळी उचलून द्यायला पाठवते आणि नंतर घरी येऊन अंघोळ करायला सांगते. लहानपणी आपल्याला आईची दया दिसते. मोठेपणी ती अंघोळही दिसते. एवढी मायाळू बाईसुद्धा आपल्या काळाच्या चौकटीतून पूर्ण बाहेर पडू शकली नव्हती. गुरुजींनी मात्र ती अंघोळ गाळली नाही, जशी होती तशी लिहिली.

आई जिथे थांबली, तिथून पुढे मुलगा चालत गेला. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांसाठी खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण सुरू केलं. कडवा विरोध झाला, पण अखेर त्याच महिन्यात मंदिराचे दरवाजे उघडले.

पुढच्याच वर्षी गांधीजींची हत्या झाली आणि गुरुजींनी २१ दिवसांचा उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं, जे आजही निघतं. पण मनातली निराशा वाढत गेली. ११ जून १९५० रोजी वयाच्या ५० व्या वर्षी त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

तीन वर्षांनी आचार्य अत्रे यांनी या पुस्तकावर चित्रपट काढला. पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं आणि श्याम घराघरांत पोहोचला. सोबत एक शिक्काही बसला, गुरुजी म्हणजे हळवे, रडके.

तो शिक्का किती खरा, हे तपासायचं असेल तर कपाटातलं ते पुस्तक पुन्हा काढा. या वेळी श्यामचं वय विसरा आणि आईचं वय धरून वाचा.