‘एसएलआर’मागचा शिल्पकार : द्युदोने सेव्ह

महाराष्ट्रात निवडणुकीच्या बंदोबस्तावरील पोलिसाच्या खांद्यावर लांब नळीची ‘एसएलआर’ रायफल अनेकांनी पाहिली असेल. तिचे मूळ रूप साकारणाऱ्या द्युदोने सेव्ह यांचे नाव मात्र शस्त्रतज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारसे कुणाला ठाऊक नाही.

सेव्ह यांचा जन्म २३ मे १८८८ रोजी बेल्जियममधील लीएज शहरालगतच्या वान्द्र येथे झाला. बंदुका घडविणे हा त्या परिसराचा पिढीजात व्यवसाय. जवळच्या हेर्स्टाल येथील ‘एफएन’ कारखान्यात त्यांना अमेरिकी संशोधक जॉन ब्राउनिंग यांचा सहवास लाभला. गोळी सुटताना निर्माण होणाऱ्या वायूच्या दाबाने पुढचे काडतूस आपोआप भरता येईल, हे ब्राउनिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच दाखवून दिले होते. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी याच कारखान्यात ब्राउनिंग यांचे निधन झाले. त्यांचे अपुरे राहिलेले पिस्तूल सेव्ह यांनी पूर्णत्वास नेले. तेरा गोळ्यांचे ते ‘हाय-पॉवर’ पिस्तूल १९३५ मध्ये बेल्जियमच्या सैन्याने स्वीकारले. पुढे त्याचीच आवृत्ती पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात तयार होऊ लागली.

मे १९४० मध्ये जर्मनीने बेल्जियम व्यापला आणि कारखाना शत्रूच्या ताब्यात गेला. सेव्ह यांनी इंग्लंड गाठले. स्वयंचलित रायफलीवरील त्यांचे काम तेथे पुढे सरकले आणि युद्धानंतर त्यातून १९४९ ची ‘एफएन’ रायफल बाहेर पडली. पाठोपाठ अर्नेस्ट व्हेर्व्हिये यांच्या साथीने त्यांनी ‘फाल’ रायफल सिद्ध केली. तिचा पहिला नमुना आखूड जर्मन काडतुसासाठी होता. नंतर ब्रिटिश काडतुसाचा प्रयोग झाला आणि अखेर ‘नाटो’ने मान्य केलेले ७.६२ मिलिमीटरचे जोरकस काडतूस निश्चित झाले.

काडतूस बदलले की दारूचे प्रमाण आणि वायूचा दाब बदलतो. दाब कमी पडला तर रिकामे काडतूस बाहेर फेकले जात नाही आणि ऐन लढाईत रायफल अडते. दाब जास्त झाला तर धक्का वाढतो आणि सुटे भाग लवकर झिजतात. सेव्ह यांनी यावर साधा तोडगा काढला. नळीतला थोडा वायू वरच्या नळकांड्यात येऊन दट्ट्या मागे ढकलतो. त्या नळकांड्याला एक छिद्र ठेवून त्यावर फिरते कडे बसविले. छिद्र उघडे असेल तेवढा जादा वायू बाहेर जातो, ते झाकले की दट्ट्यावरचा जोर वाढतो. सैनिक आधी छिद्र मोकळे ठेवी, मग कडे एकेक खाच फिरवून झाडून पाही. रायफल विनातक्रार चालू लागली की धूळ, थंडी आणि काजळीसाठी आणखी थोडा जोर राखून ठेवी. रायफलीवरून ग्रेनेड फेकताना गोळीविना काडतूस वापरले जाई. तेव्हा पुढची गुडदी फिरवून दट्ट्याकडचा मार्ग बंद करता येई, म्हणजे सारा वायू ग्रेनेडच्या कामी येई.

हा उपाय सर्वसमर्थ नव्हता. वाळवंटातील बारीक रेतीने इस्रायली सैन्याच्या हातची हीच रायफल अडू लागली आणि त्यांना पर्याय शोधावा लागला. तरीही नव्वदहून अधिक देशांनी ती वापरली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात तर ब्रिटन आणि अर्जेंटिना या दोन्ही बाजूंच्या हाती तिचीच भावंडे होती.

भारताने १९६२ चे चीनविरुद्धचे युद्ध बोल्ट ओढून चालविण्याच्या जुन्या ‘थ्री नॉट थ्री’ रायफलींनी लढले. त्यानंतर लष्कराला स्वयंचलित रायफल देण्याच्या कामास वेग आला. विदेशी नमुन्यांचा अभ्यास करण्यात पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेचा वाटा होता. प्रत्यक्ष उत्पादन ईशापूरला झाले आणि ७.६२ ची काडतुसे जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या कारखान्यातही तयार होऊ लागली. १९७१ च्या युद्धात ही रायफल भारतीय जवानांच्या हाती होती. नव्वदच्या दशकात ‘इन्सास’ आली, तेव्हा ‘एसएलआर’ने पोलीस दलांकडे वाट धरली.

१२ ऑक्टोबर १९७० रोजी सेव्ह यांचे निधन झाले. त्यांनी घडविलेली रायफल कोणी कुणावर रोखावी, हे ठरविणे त्यांच्या हाती कधीच नव्हते. ती ऐन वेळी अडू नये, एवढीच जबाबदारी त्यांनी आयुष्यभर आपली मानली.